शाईचा डाग आणि दोन सुया

नमस्कार श्रोतेहो.

सदतीस वर्षं बँकेत नोटा मोजल्या, आता टाके मोजतो. लेकीला दिवस गेले आणि घरात लोकर आली. दुपारी बायकोचा डोळा लागला की मी तो गुंडा नुसता हातात घेऊन बसायचो. मऊ, दाबला की परत फुगणारा. माझ्या लहानपणी लोकर म्हणजे वडिलांची घोंगडी. दख्खनी मेंढीची, काळी, टोचरी, चिंचोक्याची खळ लावून कडक केलेली. तिलाही लोकर म्हणायचं आणि ह्यालाही, याचंच नवल वाटायचं.

मग एक दिवस लाज सोडली. जाड सुया बऱ्या पडतील म्हणून दुकानात ऐटीत बारा नंबर मागितल्या, तर हातात आल्या काड्या! आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते. आठ नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, दहा म्हणजे 3.25 आणि बारा म्हणजे 2.75. दुकानातल्या बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

टाक्यात सुई घालायची, धागा गुंडाळायचा, नवा फास ओढून घ्यायचा, जुना सोडून द्यायचा. धागा मागे ठेवला तर सुलट, पुढे घेतला तर उलट. आणि सुलट टाका मागून बघाल तर तोच उलट. सगळा स्वेटर एवढ्यावरच उभा. पण माझा हात घट्ट. "अहो, टाका आहे तो, बैल नाही. ओढताय कशाला एवढं?" हे मी रोज ऐकायचो.

चौथ्या संध्याकाळी एक टाका सुटला आणि पार खालपर्यंत शिडी पडली. सुटलेला टाका क्रोशाच्या सुईने वर उचलून आणता येतो, हे तेव्हा कुठे ठाऊक! हिने माझ्या हातातून विणकाम घेतलं, सुई उपसली आणि धागा ओढला. चौदा सुया, म्हणजे विणीच्या चौदा ओळी, सर्रकन उसवल्या. माझ्या पोटात धस्स झालं. पण मांडीवर पाहिलं तर धागा अख्खा होता. कापड एकदा कापलं की कापलं. इथे काहीच वाया गेलं नव्हतं. बँकेच्या खातेवहीत खोडाखोड चालायची नाही हो. सबंध नोकरी त्या धाकात गेलेली. त्या दिवशी मी विणकामाच्या प्रेमात पडलो.

चुका पुढेही झाल्या. पहिलं टोपडं अॅक्रिलिकचं. कडा गुंडाळतात म्हणून त्यावर गरम इस्त्री फिरवली, तर ते पापडासारखं चपटं झालं, पुन्हा काही फुगलं नाही. अस्सल लोकर तशी नसते. ती आपल्या केसांच्या जातीची. ओले केस वेणीत वाळले की वळणदार होतात आणि पुन्हा भिजवले की वळण जातं, लोकरीचंही तसंच.

हे मला लेकीच्या शाळेच्या मरून स्वेटरने शिकवलं. हिनेच विणलेला तो स्वेटर आम्ही दोघांनी मिळून उसवला. नूडल्ससारखा नागमोडी धागा खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी केली, चार ठिकाणी सैल बांधली, कोमट पाण्यात बुडवली आणि खाली तांब्या अडकवून दोरीवर टांगली. दुसऱ्या दिवशी धागा सरळ!

पुरुष विणतो म्हणून शेजारी हसतात. पेरू देशात टिटिकाका सरोवरात ताकिले नावाचं बेट आहे. तिथे टोप्या विणतात त्या पुरुषच, आणि तिथल्या वस्त्रकलेला 2008 साली युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. शेजाऱ्यांना हे सांगून झालंय. फरक पडलेला नाही.

नातवाचा स्वेटर झाला. लेकीने तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "बाबा, हे निळं काय?" मूळ स्वेटरच्या बाहीवर शाईचा मोठा डाग होता. उसवताना तो धाग्यावर तुकड्यातुकड्याने पांगला, आणि नव्या विणीत छातीवर, पाठीवर, कुठेकुठे निळे ठिपके होऊन उमटला. ती थोडा वेळ ते मोजत बसली. अकरा निघाले.