पूर, दरड आणि व्हीलचेअर: देण्याआधी माप का घ्यायचं

(टेबलावर शिवणटेप, दोन जाड वह्या, फोमचे दोन तुकडे. मागे घडीची व्हीलचेअर.)

नमस्कार मंडळी.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा पातळी, 43 वर धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये ती 55 फुटांच्या पुढे गेली होती. पुराच्या मदतीचा टेम्पो कसा भरायचा, हे कोल्हापूरकराला आता शिकवायला लागत नाही. पण त्याच टेम्पोत चादरींच्या शेजारी घडीच्या व्हीलचेअर चढतात, तेव्हा जरा थांबायला हवं. चादर कुणालाही पुरते. व्हीलचेअर चुकीच्या मापाची असली, तर बसणाऱ्याला जी जखम होते ती जिवावर बेतू शकते.

कुणाला लागते ही खुर्ची? पाणी ओसरल्यावर भिजलेल्या मातीच्या भिंती पडतात. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीकडे दरडी येतात. ढिगाऱ्याखाली सापडलेल्या माणसाचा कणा, खुबा, मांडीचं हाड जातं. दुसरा गट म्हणजे आधीपासून खुर्ची वापरणारे, ज्यांची खुर्ची वाहून गेली किंवा चिखलात गंजली. ह्यांना आधी विचारा. त्यांना आपलं माप ठाऊक असतं आणि खुर्चीशिवाय त्यांचं संडासला जाणंही अडतं.

एक गोष्ट ठाम सांगतो. नुकताच ढिगाऱ्यातून काढलेला, कण्याला मार बसल्याचा संशय असलेला माणूस खुर्चीत बसवायचा नाही. मान आणि पाठ एका रेषेत धरून फळीवरच न्यायचा. कणा स्थिर झाला, बसायला हरकत नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्यावरच टेप काढायची.

(टेप हातात.)

आता मापं. माणसाला कडक बाकावर ताठ बसवा. जाजमावर किंवा कॉटवर नको, माप चुकतं. खुब्याच्या दोन्ही बाजूंना एकेक वही उभी टेकवा आणि दोन वह्यांमधलं अंतर मोजा. ती सीटची रुंदी. दुकानात न विचारता मिळते ती 18 इंची सीट. पण आपल्याकडची कष्टाची, सडपातळ माणसं 14–15 इंचांत बसतात. 18 इंचांत असा माणूस एका कुशीवर कलतो, सगळा भार एकाच बाजूच्या हाडावर येतो. चाकं लांब पडतात, हात फाकवून ढकलावं लागतं, आणि दोन महिन्यांत खांदा दुखायला लागतो.

मग खोली. पाठीमागच्या टोकापासून गुडघ्याच्या लवणीपर्यंत मोजा आणि त्यातून 3 ते 6 सेंटिमीटर वजा करा. सीट जास्त खोल असली की पुढची कड लवणीत रुतते, माणूस पुढे घसरतो आणि माकडहाडावर बसतो.

तिसरं, लवणीपासून टाचेपर्यंत. हे माप गादीच्या वरून फुटरेस्टपर्यंत जुळवायचं. फुटरेस्ट दोन बोटं वर राहिला तरी गुडघे उचलले जातात, मांड्या गादीवर टेकत नाहीत आणि सगळं वजन बसायच्या दोन हाडांवर येतं. सगळ्यात जास्त दुर्लक्ष ह्याच मापाकडे होतं. फुटरेस्ट जमिनीपासून मात्र किमान 5 सेंटिमीटर वर हवा, नाहीतर दगडाला अडकून खुर्ची पुढे कोलमडते. खुर्चीच्या पाठीची उंची स्वतः ढकलणाऱ्याला खवाट्याच्या, म्हणजे खांद्यामागच्या पसरट हाडाच्या, खाली. ज्याचा तोल राहत नाही त्याला त्याहून वर.

(फोमचा तुकडा जवळून.)

आता गादी. कण्याला मार बसलेल्या बहुतेकांची कमरेखालची जाणीव गेलेली असते. आपण बसल्या जागी नकळत कूस बदलतो. त्यांना दुखतच नाही, त्यामुळे ते बदलत नाहीत. हाडाखालची कातडी दबून राहते, रक्त पोचत नाही. आधी लाल डाग, मग जखम, आणि ती हाडापर्यंत गेली की जंतुसंसर्ग रक्तात. म्हणून नुसत्या रेक्झिनच्या सीटवर अशा माणसाला बसवायचं नाही, म्हणजे नाही.

गादी अशी करा: खाली साधारण 5 सेंटिमीटर कडक फोम, वर अडीच सेंटिमीटर मऊ. कडक थरात बसायची हाडं येतात तिथे मागच्या बाजूला खोलगट खाच कापा. त्यावर पातळ प्लास्टिक सैल घाला, म्हणजे लघवी फोममध्ये मुरणार नाही. वरून ताणलं जाणारं कापड. खोळ ताठ शिवली तर ती झोळीसारखी तणते आणि मऊ फोमचा उपयोगच राहत नाही.

माणूस बसला की त्याला विचारून हाताची बोटं, तळवा वर करून, त्याच्या बसायच्या हाडाखाली सरकवा. बोटांची टोकं वर-खाली अर्धा सेंटिमीटर हलतात? ठीक. हलत नाहीत, पण बाहेर ओढता येतात? गादी सुधारायला हवी. बोटं चेपून अडकली? त्या गादीवर त्याला घरी पाठवू नका. दोन्ही बाजूंना तपासा.

गादी चांगली असली तरी पुढे वाकून, मग डावीकडे-उजवीकडे झुकून भार उतरवायचा असतो. दर 15 ते 30 मिनिटांनी, दोनेक मिनिटं. घरच्यांसमोर हे करून दाखवा.

चाकांचं थोडक्यात. पुढची छोटी टणक चाकं दवाखान्याच्या फरशीसाठी असतात. शिरोळच्या काळ्या चिकट मातीत ती रुततात. मोठी, रुंद चाकं घ्या, किंवा पुढे एकच मोठं चाक असलेली लांब तीनचाकी खुर्ची. मागची चाकं हवेच्या टायरची, 24 इंची, ज्यांचं पंक्चर गावातला सायकलवाला काढेल. पुराच्या पाण्यातून निघालेल्या खुर्चीचे बेअरिंग उघडून धुऊन, वाळवून ग्रीस भरल्याशिवाय ती पुन्हा देऊ नका. आत बारीक गाळ बसलेला असतो.

दोन्ही पाय मांडीतून गेलेल्या माणसाची खुर्ची वेगळी लागते. पुढचं वजन गेल्यामुळे ती चढावर सहज मागे उलटते. मागच्या चाकाचा आस मागे सरकवा आणि मागे उलटण्याविरुद्धची छोटी चाकं बसवा. आस सरकवायची सोय नसेल तर कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात पट्टी कापून, भोकं पाडून देणारे कारागीर आहेत. जुळवणीसाठी नमुन्याची खुर्चीच घेऊन जा. चित्रावरून केलेली पट्टी हमखास चुकते.

वीस खुर्च्या घ्यायच्या असतील तर सगळ्या 18 इंची घेऊ नका. माझ्या मते 14 इंची पाच, 16 इंची नऊ, 18 इंची चार, 20 इंची दोन. सोबत पंप, ठिगळं, दहा ट्यूब, पाना-ॲलन कीचा संच. आणि दिवसाला पाच-सहा माणसंच धरा. माप, जुळवणी आणि शिकवणं मिळून एकेकाला तास-दीड तास जातो. फोटोच्या कार्यक्रमात शंभर खुर्च्या वाटल्या की यातलं काहीच होत नाही.

कागदांचं बघा. केंद्राच्या अडिप योजनेतून, म्हणजे दिव्यांगांना साधनं देणाऱ्या योजनेतून, खुर्ची मिळवायला 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. नव्या जखमीकडे ते नसतं, म्हणून सुरुवातीला वापरून परत करायची खुर्ची द्या आणि तशी नोंद ठेवा. ज्यांचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, वाहून गेलं, त्यांना ते संकेतस्थळावरून पुन्हा उतरवून घेता येतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 8 नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवायची असते. आपल्या गावातली नावं त्या यादीत आहेत का, हे जूनच्या आधी तहसीलला जाऊन विचारा.

खुर्ची दिल्यावर दोन आठवड्यांनी घरी जा. आधी कातडी बघायला सांगा, बाईची असेल तर घरातल्या बाईने. लाल डाग दाबल्यावर पांढरा होत नसेल, तर डाग जाईपर्यंत बसणं बंद करून डॉक्टरांना दाखवा. मग ब्रेक, टायरची हवा, फुटरेस्टचा नट. आणि घराचा उंबरा मोजा: 3 इंचांच्या उंबऱ्याला उतारासाठी 36 इंच लांब फळी लागते.