यादीत नसलेलं औषध

श्रोतेहो, नमस्कार.

खेळाडूंची उत्तेजक चाचणी ही पोलिसांच्या ओळखपरेडीसारखी असते. तपासणाऱ्याला ज्याचा चेहरा ठाऊक, तोच सापडतो.

नॉरबोलेथोन हा असाच, कुणी चेहरा न पाहिलेला गडी. अमेरिकेतल्या वायथ कंपनीनं 1966मध्ये हे कृत्रिम स्टेरॉइड तयार केलं. वजन वाढत नाही, उंची खुंटलीय, अशांसाठी त्याच्या चाचण्याही झाल्या. पण ते बाजारात कधी आलंच नाही. निबंध तेवढे ग्रंथालयात पडून राहिले. जे औषध कुठं मिळतच नाही, ते लघवीत शोधायला कोण जाणार? जुनी नियतकालिकं चाळणाऱ्याला नेमकं तेच हवं होतं!

लॉस एंजेलिसच्या प्रयोगशाळेत डॉ. डॉन कॅटलिन यांच्याकडे एका खेळाडूच्या लघवीचे नमुने आले. त्यात शरीराची स्वतःची स्टेरॉइडं अगदीच नावाला होती. बाहेरून आयतं मिळू लागलं की शरीर आपला कारखाना बंद ठेवतं. म्हणजे आयतं कुठून तरी येत होतं. माग काढता काढता 2002मध्ये नाव हाती आलं, नॉरबोलेथोन.

नाव यादीत चढलं की माल निकामी. पण तो पुरवणारा रसायनतज्ज्ञ पॅट्रिक अर्नोल्ड याच्याकडे पुढचा माल होताच. जेस्ट्रिनोन या स्त्रीरोगांवरच्या औषधाला हायड्रोजनचे चार अणू जोडून केलेला, टीएचजी. हा तर कुठल्या निबंधातही नव्हता. जिभेखाली थेंब टाकायचे, बस्स.

2003च्या जूनमध्ये एका प्रशिक्षकानं अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेकडे वापरलेली सिरिंज पाठवली. आत जेमतेम ओल. ती मिथेनॉलनं खंगाळून कॅटलिन यांच्याकडे गेली. नेहमीच्या यंत्रात नमुना घालण्याआधी त्यावर जी प्रक्रिया करतात, तिच्यातच आतल्या टीएचजीचे तुकडे पडत होते. म्हणून तर तो इतके दिवस निसटला. त्यांनी वेगळी पद्धत लावली, रेणूची रचना मांडली, आणि खात्री करायला तोच पदार्थ स्वतः बनवूनही पाहिला. मला विचाराल तर सगळ्या प्रकरणातलं हे सर्वांत देखणं काम. पदकं, खटले, तुरुंग, सगळं त्यानंतरचं.

त्याच उन्हाळ्यातल्या अमेरिकी मैदानी स्पर्धेचे नमुने अजून जपून ठेवलेले होते. आता चेहरा ओळखीचा झाला होता. बाटल्या पुन्हा बाहेर काढल्या गेल्या.