मान हलवली म्हणजे ऐकू आलं असं नाही

(नागपुरात ज्येष्ठ नागरिक आणि विधी शाखेच्या विद्यार्थ्यांसमोर एका निवृत्त जिल्हा न्यायाधीशांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मागच्या दोन रांगांना ऐकू येतंय का? बघा, मी विचारलं आणि सगळ्यांनी माना हलवल्या. त्या खांबाजवळचे काका, तुम्हीही हलवलीत. पण मघाशी माईक बंद पडला होता, संयोजकांचे नुसते ओठ हलत होते, तेव्हाही तुमची मान हलतच होती. रागावू नका. माझ्या डाव्या कानात यंत्र आहे आणि मीही हेच करतो. लग्नात, बँकेत, डॉक्टरांकडे. दोनदा "काय म्हणालात?" विचारून झालं की तिसऱ्यांदा लाज वाटते. मग माणूस हसतो आणि मान डोलावतो.

पत्रिकेवर विषय भारदस्त छापलाय, 'ज्येष्ठांची प्रकरणं आणि न्यायाधीशाची नीतिमत्ता'. मला बोलायचंय ते या मान डोलावण्याबद्दलच.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. विदर्भातल्याच एका तालुक्याच्या कोर्टात मी दिवाणी न्यायाधीश होतो. वाटणीचा दावा. वादी एक बाई, वय अठ्ठ्याहत्तर, आणि प्रतिवादी त्यांचेच दोन मुलगे. बोर्डावर त्या दिवशी साठेक प्रकरणं होती. दुपारी तीनच्या सुमाराला दोन्ही बाजूंनी तडजोडीची पुरसिस, म्हणजे लेखी निवेदन, दिली. बाईंना पुढे आणलं. धाकट्याने दंडाला धरलं होतं, आधार म्हणून असेल, त्या वेळी मला तसंच वाटलं. मी वरून विचारलं, "तडजोड वाचून दाखवली ना? मान्य आहे ना?" बाईंनी आधी मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मान हलवली. 'मजकूर वाचून दाखवला, समजला, कबूल आहे' असं लिहून मी सही केली. तीन मिनिटं लागली असतील. एक प्रकरण निकाली निघालं म्हणून मी खूशही होतो, खोटं कशाला सांगू.

चार-पाच महिन्यांनी संध्याकाळी कोर्ट उठल्यावर त्याच बाई व्हरांड्यात उभ्या. एकट्या. शिपाई त्यांना हटकत होता, पण मी थांबलो. त्या म्हणाल्या, "साहेब, तुमी त्या दिवशी मले का विचारलं होतं?"

पुण्या-मुंबईकडच्या मंडळींसाठी सांगतो, आमच्याकडे 'का' म्हणजे 'काय'. मी असं का विचारलं, असा जाब नव्हता तो. मी काय विचारलं होतं, तेच त्यांना ठाऊक नव्हतं.

आता गंमत बघा, गंमत म्हणवत नाही खरं तर. न्यायाधीशाने एका पक्षकाराशी दुसऱ्याच्या माघारी प्रकरणाबद्दल बोलायचं नसतं. हा नियम योग्यच आहे. तेव्हा मी नियमाने वागलो. "बाई, तुमच्या वकिलांमार्फत अर्ज करा," म्हणालो. तडजोड हुकूमनाम्याविरुद्ध नवा दावा चालत नाही, ज्या कोर्टाने ती नोंदवली त्याच कोर्टात जावं लागतं. म्हणजे माझ्याविरुद्धची तक्रार माझ्याकडेच घेऊन या, असं मी त्यांना सांगत होतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. अर्ज कधी आला नाही. तेव्हापासून माझं म्हणणं आहे, मुलाला बाहेर काढून बाईला एकटीला विचारावं.

आमच्या नीतिमत्तेच्या कागदांत हे कुठे बसतं, ते मी नंतर शोधलं. सर्वोच्च न्यायालयाच्या सर्व न्यायमूर्तींनी ७ मे १९९७ रोजी न्यायिक जीवनमूल्यांची सोळा कलमं स्वीकारली. नातेवाइकाचं किंवा मित्राचं प्रकरण ऐकू नका, त्याच कोर्टातल्या वकिलांशी फार जवळीक नको, क्लबची निवडणूक लढवू नका. सगळं रास्त. न्यायाधीशांच्या आचरणाची २००२ ची आंतरराष्ट्रीय बंगळूर तत्त्वं त्यापुढे जातात. त्यात सहा मूल्यं आहेत आणि समानतेच्या मूल्याखाली धर्म, जात, लिंग, अपंगत्व यांच्या ओळीत वयही लिहिलंय. तरी अनीती म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पाकीट येतं. मी आयुष्यात कुणाचा चहाही घेतला नाही. त्या बाईंचं जे नुकसान झालं, ते एका स्वच्छ हाताच्या माणसाकडून झालं.

दुसरी एक सवय सांगतो, तुम्हाला कदाचित पटणार नाही. कोर्टात म्हातारी बाई आली की आम्ही "या आजी, बसा आजी" म्हणतो. म्हणणाऱ्याचं मन चांगलं असतं. पण समोरचा मुलगा 'श्री. अमुक', आणि ती आजी! ती वादी आहे. तिला आजी म्हटलं की मी नातू होतो, आणि मग नातवासारखंच वागतो, तिला सांभाळून घेतो आणि निर्णय मोठ्यांशी बोलून ठरवतो. मोठे म्हणजे तिचा मुलगा. "आजींना काय म्हणायचंय हो?" हा प्रश्न मी स्वतः आजींसमोर त्यांच्या मुलाला विचारलेला आहे. पुढे मी नावाने हाक मारायला लागलो. शांताबाई, यमुनाबाई. बाई ताठ बसतात, बघा करून.

म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण, अशी आपल्याकडे म्हण आहे. घरात ठीक आहे, पण न्यायाधीशाच्या डोक्यात ती शिरली की घोटाळा होतो. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ११८व्या कलमात कोवळं वय आणि अतिवार्धक्य एकाच वाक्यात आलंय. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १२४ झालं. पण ते वाक्य नीट वाचा. प्रत्येक माणूस साक्षीला लायक आहे, इथून ते सुरू होतं. प्रश्न समजत नाही किंवा सुसंगत उत्तर देता येत नाही असं न्यायालयाला दिसलं, तरच अपवाद. वय हा अपवाद नाहीच.

एका प्रकरणात मुलाने अर्ज दिला की आईचं डोकं चालत नाही, मला वादमित्र, म्हणजे तिच्या वतीने दावा चालवणारा, नेमा. सोबत डॉक्टरांचा चार ओळींचा दाखला. अशा वेळी न्यायालयाने स्वतः चौकशी करायची असते. मुलाच्या वकिलांनी बाईंना विचारलं, आज तारीख काय? सांगता आली नाही. राष्ट्रपती कोण? नाही. वकील माझ्याकडे बघून हसले. मी तारीख विसरतो तेव्हा कुणी वादमित्र नेमत नाही, ते असो. मी विचारलं, "बाई, वावरात यंदा काय लावलं?" म्हणाल्या, "अर्ध्यात पऱ्हाटी, अर्ध्यात तूर." बियाणं किती लागलं? "एकरी दोन पाकिटं." थोडं थांबून मुलाकडे बोट केलं, "हा तीन लिहिते." कोर्ट हसलं. मुलगा हसला नाही.

म्हणून एका चलाख उत्तरावर भाळायचं, असंही नाही. एक गृहस्थ सकाळी साडेअकराला माझ्यासमोर जमिनीचे गट नंबर तोंडपाठ सांगत होते. उलटतपास दुपारी चारला सुरू झाला. तोवर पत्नी वारल्याचं ते विसरले होते आणि ती घरी वाट बघतेय, जाऊ द्या म्हणत होते. हा स्मृतिभ्रंशाचा आजार बऱ्याचदा असाच असतो, दिवस कलला की वाढतो. मी त्यांचा जबाब दुसऱ्या दिवशी सकाळी घेतला. यात मोठं कायद्याचं ज्ञान लागलं नाही, घड्याळ लागलं.

घड्याळावरून पेशीकडे, म्हणजे कोर्टाच्या तारखेकडे येतो. चाळिशीतल्या माणसाला पुढची तारीख म्हणजे वैताग असतो. ब्याऐंशीच्या माणसाला ती काय असते, हे इथे कुणाला सांगायला नको. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना बससाठी उभं राहा, कोर्टात लिफ्टच्या रांगेत उभे राहा आणि वर गेल्यावर कळतं, साहेब रजेवर आहेत. समोरच्या बाजूला हे पक्कं ठाऊक असतं. मुद्दा नसला तरी त्यांच्याकडे एक हत्यार असतं, तुमचं वय. वादी वारला की वारस रेकॉर्डवर आणायला ९० दिवस मिळतात. आणि वारस कोण? ज्यांच्यावर आईने दावा केला, तेच. आईचं भांडण आईच्या जागी उभं राहून तिचीच मुलं चालवणार, किंवा चालवणार नाहीत.

यावर दिवाणी संहितेत इलाज आहेत. पुरेसं कारण असेल तर साक्षीदाराचा जबाब सुनावणीची वाट न बघता आधीच घेता येतो. आजारी, अशक्त माणसाकडे कमिशन, म्हणजे जबाब घ्यायला कोर्टाने नेमलेला माणूस, पाठवता येतं. हे नियम जुने आहेत, वापरायचे की नाही ते न्यायाधीशावर असतं. स्थगितीच्या अर्जावर 'मंजूर' लिहिताना समोरच्याचं वय बघणं, याला मी नीती म्हणतो. विद्यार्थ्यांनो, परीक्षेत हे लिहू नका, मार्क जातील.

मृत्युपत्रांच्या बाबतीत जरा बरी परिस्थिती आहे. १९५८ साली न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी वेंकटाचल अय्यंगार प्रकरणात सांगून ठेवलंय की मृत्युपत्राभोवती संशयाची जागा असेल तर ती दूर करण्याचं ओझं ते पुढे करणाऱ्यावर, आणि न्यायालयाच्या सद्सद्विवेकाचं समाधान झालं पाहिजे. मृत्युपत्र करणारा उठून काही सांगू शकत नाही, म्हणून ही काळजी. मग जिवंत माणसाच्या बक्षीसपत्राला आणि तडजोडीला आपण कमी काळजी का घेतो? बाई समोर उभी असते म्हणून? ती बोलू शकते असं आपण धरून चालतो.

आता जरा उलटी बाजू. इथे बसलेल्या काहींना झोंबेल, पण दया हाही पक्षपातच. ज्येष्ठ म्हणजे गरीब गाय, असं धरून चाललात तर सून मेली. एस. वनिता यांच्या प्रकरणात बंगळुरूतलं घर आधी नवऱ्याच्या नावावर होतं, मग सासऱ्याच्या, मग सासूच्या. नवरा-बायकोचं बिनसलं आणि सासू-सासऱ्यांनी ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली सुनेला घराबाहेर काढायचा हुकूम मिळवला. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. कौटुंबिक हिंसाचार कायद्याने सुनेला राहत्या घरात राहण्याचा जो हक्क दिलाय, तो अशा झटपट प्रक्रियेने पुसता येणार नाही. माझ्यासमोर असे सासरे आलेत, काठी टेकत, डोळ्यांत पाणी आणून, आणि सगळा डाव त्यांच्याच डोक्यातून निघालेला. त्यांचंही पूर्ण ऐकलं पाहिजे, पण रडले म्हणून पटलं पाहिजे असं नाही.

त्यातून न्यायाधीश साधारण चाळीस-पन्नासचा असतो. त्याच्या घरी आई-वडील असतात, भावाशी वाटणीवरून अबोला असतो. नातेवाइकाचं प्रकरण ऐकायचं नाही असा नियम आहे. स्वतःच्या घरासारखं प्रकरण समोर आलं तर काय करायचं, याला नियम नाही. मला एकदा एका वादीचा आवाज वडिलांसारखा वाटला होता. निकालपत्र मी दोनदा लिहिलं.

तुमच्यापैकी बहुतेकांचा संबंध येईल तो २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याशी. महाराष्ट्रात त्याचं न्यायाधिकरण उपविभागीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या एसडीओकडे असतं. चरितार्थासाठी महिन्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये, नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल, फार तर आणखी ३०. अपील ६० दिवसांत. वकिलाला कलम १७ ची मनाई आहे, तिच्यावर वाद झालेत. बक्षीसपत्राचं कलम २३ मात्र घरी जाऊन वाचा. सांभाळण्याच्या अटीवर घर दिलं आणि मुलाने सांभाळलं नाही, तर ते देणं रद्द करून मागता येतं. ती अट होती हे दाखवावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं. मग जानेवारी २०२५ मध्ये ऊर्मिला दीक्षित यांच्या प्रकरणात, कायदा ज्येष्ठांच्या भल्याचा आहे तेव्हा अर्थ उदारपणे लावा, असं सांगून आईला घर परत दिलं. तिथे बक्षीसपत्रासोबत मुलाचं वचनपत्रही होतं. तेव्हा जे काय ठरलं असेल ते कागदावर घ्या. "पोटचा पोरगा आहे, त्याच्याकडून लिहून काय घ्यायचं," असं म्हणणारे लोक मी साक्षीच्या पिंजऱ्यातच जास्त पाहिले.

एसडीओ महसुलातले. सकाळी पंचनामे, दुपारी मोर्चा, मधल्या वेळात आई आणि मुलगा. त्या खुर्चीवर बसलेल्या क्षणी त्यांनाही हे सगळं लागू आहे, त्यांना मात्र ते कुणी सांगत नाही.

जाता जाता एक योगायोग. जिल्हा न्यायाधीश साठाव्या वर्षी निवृत्त होतो आणि कायद्याने साठीलाच माणूस ज्येष्ठ नागरिक होतो. मला निरोपाच्या समारंभात शाल दिली, त्याच आठवड्यात मी एका कार्यालयात रांगेत उभा होतो आणि काचेपलीकडचा मुलगा माझ्या मुलीला विचारत होता, "बाबांना काय पाहिजे?"

प्रश्न असतील तर विचारा.

(एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं: "साहेब, तुम्ही म्हणता मुलाला बाहेर काढून बाईला एकटीला विचारावं. पण संध्याकाळी तिला त्याच्याच स्कूटरवर मागे बसून घरी जायचं असते. तिथं काय?")

बरोबर आहे तुमचं. मी पहिल्यांदा मुलाला बाहेर जायला सांगितलं, तेव्हा त्याने जाताना आईकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी विसरलो नाही. तिने माझ्यासमोर काहीच सांगितलं नाही. नंतर मी पद्धत बदलली. साठीच्या पुढचा कुणीही पक्षकार तडजोडीला उभा राहिला, श्रीमंत असो, शिकलेला असो, भांडण असो की नसो, दोन्ही बाजूंचे वकील तेवढे आत ठेवायचे आणि घरची माणसं बाहेर. मी खुर्ची पुढे घ्यायला सांगायचो आणि "मान्य आहे का" विचारायचो नाही. "काय ठरलं ते तुम्हीच मला सांगा," म्हणायचो. एका निवृत्त प्राचार्यांनी अपमान वाटला म्हणून लेखी तक्रारही केली. पण व्हरांड्यात काय होतं ते शिपायाने मला एकदा सांगितलं. मुलगा आईला विचारत होता, आत का झालं, मले काऊन काढलं? आणि बाई त्याला म्हणाल्या, "मले का माहीत, तो साहेब सगळ्याइलेच बाहेर काढते."