उटण्यातलं पान ओळखता येतं का?

नमस्कार. बाहेरच्या फलकावर ‘कुंडीतून त्वचेसाठी सात वनस्पती’ असं लिहिलंय. सातही सांगणार आहे, पण आधी एक विचारतो. दिवाळीला घरचं उटणं किती जण लावतात? हात वर करा. सासूबाई डब्यात भरून पाठवतात ते धरायचं नाही. छान, तरी बरेच आहेत. आता हात तसेच ठेवा. त्या उटण्यातल्या कचोऱ्याचं, म्हणजे हळदीच्या नात्यातल्या त्या सुगंधी कंदाचं, पान तुमच्यापैकी कुणी पाहिलंय? बघा, किती भरभर खाली आले.

माझं म्हणणं एवढंच आहे. चेहऱ्याला जे लावतो, ते निदान एकदा आपल्या कुंडीत मुळापासून पानापर्यंत वाढलेलं पाहावं. पावडर झाली की सगळ्या वनस्पती सारख्या दिसतात. फिकट पिवळी भुकटी, वर सुगंध मारलेला, त्यात मुलतानी माती किती आणि औषधी किती, कुणाच्या बापाला कळणार?

यावरून कस्तुरी हळदीची गोष्ट सांगतो, कारण ती माझ्या फार जिवाला लागलेली आहे. घरात एका मुलीचं लग्न ठरलं. तिला हळदीआधी महिनाभर चेहऱ्याला लावायला कस्तुरी हळद हवी होती. साध्या हळदीने तोंड पिवळं राहतं, हिच्याने तितकं होत नाही, म्हणून हिला मागणी. काष्ठौषधींच्या दुकानात मिळाली ती जवळजवळ मलईच्या रंगाची पावडर. मला शंका आली. खरी कस्तुरी हळद, शास्त्रीय नावाने कर्क्युमा अ‍ॅरोमॅटिका, कापली की आत पिवळी असते आणि तिला कापरासारखा वास येतो. दुकानदार म्हणाले, ‘साहेब, अस्सल अशीच असते.’ त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, त्यांनाही ती कुणीतरी तशीच विकलेली. मग एका रोपवाटिकेतून त्याच नावाच्या गाठी आणल्या आणि उन्हाळ्यात लावल्या. पाऊस पडला, पानं उलगडली, आणि प्रत्येक पानाच्या मधल्या शिरेवर जांभळट पट्टा! खऱ्या कस्तुरी हळदीच्या पानावर तो पट्टा नसतो आणि पानाची खालची बाजू मखमली लवेची असते. इथे खालून हात फिरवला तर गुळगुळीत. म्हणजे तो कचोरा होता, किंवा कचोऱ्याचा जवळचा नातेवाईक. कचोरा वाईट नाही हो, तो उटण्यात लागतोच. पण पैसे घेतले कस्तुरी हळदीचे. दक्षिणेकडच्या बाजारातही हीच अदलाबदल चालते.

राग पैशांचा नाही. हळदीच्या पेटंटची हकीकत तुम्हाला ठाऊक आहे. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिलं गेलं, आपल्या सीएसआयआरने, म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. परिषदेचे तेव्हाचे महासंचालक माशेलकर सर, त्यांचं नाव तेव्हा घरोघरी पोचलं. जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ चा एक भारतीय शोधनिबंध पुराव्यात ठेवावा लागला होता. इतक्या कष्टाने जी राखली, ती हळद आपल्या डब्यात कोणती आहे हे आपल्यालाच सांगता येऊ नये, याचं मला वाईट वाटतं.

आंबेहळदीचंही तेच. मुका मार लागला की आई जी उगाळून लावायची ती एक, आणि कैरीच्या वासाची, लोणच्याची ती दुसरी. दोन्ही त्याच नावाने मिळतात. गाठ मोडा आणि हुंगा: कैरी आली तर लोणच्याची, कापूर आला तर लेपाची. स्वयंपाकाची हळद मोडली की आत गडद केशरी. हे दोन वास नाकात आणि हा रंग डोळ्यात बसला की पुढे कुणी सहज फसवू शकत नाही.

आता लागवड. अक्षय्य तृतीया तोंडावर आहे, आणि हळदीच्या सगळ्या घराण्याची लागण तेव्हाचीच. पण लक्षात घ्या, पीक आठ-नऊ महिन्यांचं आहे. म्हणजे आत्ता लावलेलं माघाच्या सुमारास निघेल आणि पुढच्या दिवाळीच्या उटण्यात जाईल. यंदाच्या दिवाळीची घाई असेल तर यंदाचं विकत घ्या, वास घेऊन घ्या. कुंडी खोल नको, पसरट हवी. डोळा वर ठेवून गाठ दोन इंच खाली. अर्धी सावली चालते, चाळीच्या गॅलरीतही येते. पाणी साचलं की कंदकुज, म्हणून कुंडीची भोकं मोकळी ठेवा. पानं पिवळी पडली की पाणी तोडा, पानं वाळल्यावर खणा. बियाण्याला जेठा गड्डा, म्हणजे मधला मोठा कंद, ठेवा. आणि सांगलीकर हळद शिजवतात तशी ही शिजवू नका. शिजवणं स्वयंपाकाच्या हळकुंडासाठी. लेपाची हळद कच्चीच चकत्या करून सावलीत वाळवायची, वासाचं तेल टिकतं.

चिठ्ठी आली आहे, थोडाच वेळ उरलाय. उरलेल्या सहा भराभर.

वाळा. रंगाच्या जुन्या बादलीत किंवा उंच पोत्यात लावा. मुळं आडवी पसरत नाहीत, सरळ खाली जातात. दीड वर्षाने पोतं फाडायचं आणि मुळं धुऊन घ्यायची. नागरमोथा शक्यतो लावूच नका! तोच आपला लव्हाळा, जगातल्या सगळ्यांत चिवट तणांपैकी एक. कुणाच्या तरी लॉनमधून उपटून आणा, ते आभारच मानतील. गाठी वाळवून केस चोळून काढले की सुगंध येतो. गुलाब गावठी लावा आणि पाकळ्या ऊन चढायच्या आत तोडा. फुलवाल्याचे गुलाब तोंडाला लावू नका, त्यांच्यावर फवारणी झालेली असते. कोरफडीचं पान बुडातून कापलं की उभं धरून ठेवा, पिवळा चीक पूर्ण गळू द्या. खाज सुटते ती त्या चिकाने, मग लोक कोरफडीला नावं ठेवतात. तुळस आणि कडुनिंब तुम्हाला येतात, ते सोडतो. चंदनाचं कुणी विचारलंय: ते शेजारच्या झाडाच्या मुळांवर जगतं आणि गाभा धरायला वर्षानुवर्षं लावतं, कुंडीचं काम नाही.

एक मात्र घाईतही सांगायलाच हवं. ताजं म्हणजे निर्धोक असं नाही. लिंबाचा रस चेहऱ्याला लावून उन्हात गेलात तर त्वचा भाजल्यासारखी होते आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. बावची नावाच्या औषधी बियांचंही तसंच, त्या वैद्याच्या हातीच राहू देत. कोणताही लेप आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. लहान मुलांना तर नक्कीच.

दाराशी टोपलीत कस्तुरी हळदीच्या म्हणून गाठी ठेवल्या आहेत. प्रत्येकाने दोन घ्या, एक लावा आणि एक मोडून हुंगा. श्रावणात पानं मोठी झाली की खालून हात फिरवा. लव लागली नाही तर मंडळाच्या पुढच्या बैठकीत पान घेऊन या, मिळून पाहू.