डॅक बदलला, आवाज बदलला का?

(दृश्य: ग्रँट रोड स्टेशन, पूर्वेकडची गर्दी. मग दुकानांच्या पाट्या.)

पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्याला सांगायचं लॅमिंग्टन रोडच. सुट्ट्या कपॅसिटरपासून सीसीटीव्हीपर्यंत काहीही मागा, इथं मिळतं. हल्ली काउंटरवर आणखी एक मागणी कानावर येते: "दादा, हेडफोनसाठी चांगला डॅक दाखवा ना."

डॅक म्हणजे डिजिटल-टू-अॅनालॉग कन्व्हर्टर. फाइलमधल्या आकड्यांचं व्होल्टेज करून देणारी चिप. सीडीच्या दर्जाच्या फाइलमध्ये एका चॅनलला दर सेकंदाला ४४,१०० आकडे असतात आणि प्रत्येक आकडा ६५,५३६ पायऱ्यांपैकी एकीवर बसतो. १९८२ साली सीडी बाजारात आली तेव्हा हे काम नेमकं करणं अवघड होतं, महागही होतं. आज ते टाइप-सीच्या पिनेमागे दडलेली नखाएवढी चिप करते. सीडीतल्या सर्वांत शांत आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर सुमारे ९६ डेसिबलचं. अॅपलचं साधं डोंगल, म्हणजे टाइप-सीला हेडफोन जोडायची छोटी तार, मोजमापात तिथवर आरामात पोचतं. मग वीस-तीस हजारांच्या डब्यात जास्तीचं काय ऐकू येणार?

(दृश्य: गिरगावातली खोली. टेबलावर डोंगल, काळा डॅक, हेडफोन, मल्टिमीटर.)

मामांनी तानपुरा लावलाय. निवड चोख आहे. जवारीतले, म्हणजे तारांच्या झंकारातले, वरचे बारीक स्वर कुठं दबले, कुठं खुलले, हे मुरलेल्या कानाला लगेच कळतं. आधी डोंगल, मग नवा डॅक. "ऐक, जवारी कशी मोकळी झाली! डोंगलवर पडदा होता रे."

भाचा इंजिनीअरिंगला आहे, त्यामुळे वाद घालणं आलंच. "मामा, थांबा, आधी आवाज जुळवू." तो स्प्लिटरच्या एका तोंडाला हेडफोन ठेवतो, दुसऱ्याला मीटरच्या तारा लावतो आणि १०० हर्ट्झचा सलग टोन वाजवतो. डोंगलवर ०.३० व्होल्ट. डॅकवर ०.३४. म्हणजे नवा डॅक एक डेसिबलहून थोडा मोठ्यानं वाजत होता. एवढासा फरक "आवाज वाढला" असा जाणवत नाही. तो स्पष्टता म्हणून जाणवतो, पडदा हटल्यासारखा. दुकानातल्या निम्म्या चमत्कारांचं मूळ इथं आहे, असं आमचं मत.

आता दोन्हीकडे ०.३० व्होल्ट. तार कुठल्या डब्यात आहे ते मामांना दिसत नाही. पहिल्या दोन वेळा ते ठामपणे उत्तर देतात. मग म्हणतात, "परत लाव." मग पुन्हा, "परत लाव." थोड्या वेळानं हेडफोन काढून चहा मागवतात.

(दृश्य: कागदावर दोन आकडे.)

यात मामांच्या कानांचा दोष काढायचं कारण नाही. २००७ मध्ये मेयर आणि मोरान या दोघांनी ऑडिओ इंजिनीअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये एक प्रयोग छापला. उच्च दर्जाचं रेकॉर्डिंग एकदा जसंच्या तसं आणि एकदा मुद्दाम सीडीच्या दर्जातून गाळून ऐकवलं. कुठलं कोणतं ते ५५४ वेळा विचारलं, बरोबर उत्तरं आली ४९.८ टक्के. नाणं उडवलं असतं तरी एवढीच आली असती. जो काही फरक कळला, तो आवाज प्रचंड वाढवल्यावर, शांत जागी येणाऱ्या खरखरीचा.

ब्लूटूथ हेडफोनवाल्यांनी तर या खर्चाचा विचारच सोडावा. तिथं फोनमधून आकडेच जातात आणि डॅक हेडफोनच्या पोटात असतो. बाहेरचा डबा त्या वाटेवर येतच नाही. आणि विरार फास्टमध्ये दाराशी उभं राहून ऐकणार असाल, तर कुठला डॅक आणि कुठलं काय!

हेडफोनचं तसं नसतं. एकाच किमतीच्या दोन हेडफोनांत बेसचा फरक पाच-सहा डेसिबलचा सहज निघतो. शिवाय कानाची गादी झिजली की त्याच हेडफोनचा बेस बदलतो. चांगल्या डॅकमधल्या चढ-उतारांचा हिशेब डेसिबलच्या दहाव्या हिश्शात चालतो.

३०० ओहमचा, म्हणजे जास्त व्होल्टेज मागणारा हेडफोन फोनवर दबका वाजतो, तेव्हा कमी पडतो तो अॅम्प्लिफायर. पण बऱ्याच डब्यांत दोन्ही एकत्र असतात आणि श्रेय डॅकला जातं.

(दृश्य: जुना लॅपटॉप. चार्जरची पिन आत जाते.)

चहानंतर भाचा हेडफोन मामांच्या लॅपटॉपच्या जॅकला लावतो. गाणं बंद. तरीही कानात बारीक घूंऽ, आणि माउस हलवला की किरकिर. चार्जर काढला की घूं गायब. चार्जर आणि मदरबोर्डचा हा गोंधळ जॅकपर्यंत झिरपतोय. डोंगल लावल्यावर किरकिर पूर्ण थांबते, घूं जवळजवळ ऐकूच येत नाही. इथं मीटर लागला नाही, डोळे झाकावे लागले नाहीत.

डोंगल लॅपटॉपलाच राहिलं. काळा डॅक बिलासकट पिशवीत गेला. दुकानदार सात दिवसांत परत घेतो म्हणाला होता.