माणशी आठशे तीस अंडी

(जळगावात शेतकरी, दालमिलचालक आणि व्यापारी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, 'मोठा देश, लहान बेट आणि मालाचा मूळस्थान-नियम'. नियमापर्यंत आपण येऊच. पण समोर शेतकरी आहेत, दालमिलवाले आहेत, मागच्या रांगेत कांद्यातले व्यापारी हाताची घडी घालून बसलेत. त्यामुळे सुरुवात अंड्यांपासून करतो.

एप्रिल २०२४ मध्ये विदेश व्यापार महासंचालनालयानं एक अधिसूचना काढली. मालदीवला २०२४-२५ या वर्षात भारतातून काय आणि किती जाऊ शकेल, त्याची ती यादी. तांदूळ १,२४,२१८ टन. गव्हाचं पीठ १,०९,१६२ टन. साखर ६४,४९४ टन, कांदा ३५,७४९ टन, बटाटा २१,५१३ टन, डाळ २२४ टन. नदीची वाळू १० लाख टन, खडी १० लाख टन. आणि अंडी, ४२ कोटी ७५ लाख. मालदीवची लोकसंख्या २०२२ च्या जनगणनेत सव्वापाच लाखांच्याही आत. करा भागाकार. माणशी वर्षाला आठशे तीस अंडी, तान्ह्या बाळासकट! कांदा माणशी ६९ किलो. आपण भरीत आणि शेवभाजी खाणारी माणसं, पण एवढ्या कांद्यापुढे आपणही हात जोडू.

मग हे आकडे वेडे आहेत का? नाही. पहिलं म्हणजे तिथे पर्यटक जेवतात, २०२४ मध्ये वीस लाखांच्या वर आले. दुसरं जास्त महत्त्वाचं. हा कोटा आहे, ऑर्डर नव्हे. 'एवढ्यापर्यंत आम्ही अडवणार नाही' असा तो शब्द आहे. १९८१ च्या व्यापार करारातून ही व्यवस्था आली, आणि त्या वर्षी बहुतेक खाद्यवस्तूंचा कोटा आधीच्या वर्षापेक्षा ५ टक्क्यांनी वाढवला होता. कोटा असा टक्क्यांनी फुगत गेला की पोटाच्या पुढे निघून जातो. आपल्या पतसंस्थांमधल्या व्याजाचा अनुभव असलेल्यांना हे समजावून सांगायला नको.

आता वेळ बघा. जुलै २०२३ मध्ये आपण बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली होती. डिसेंबरमध्ये कांदा बंद केला. तिकडे मालदीवमध्ये भारताविरुद्ध घोषणा देणारं सरकार आलेलं, आपले सैनिक परत पाठवण्याची तारीख ठरलेली, इकडे मोबाइलवर 'मालदीवला जाऊ नका' सुरू. आणि त्याच एप्रिलमध्ये ही यादी निघाली. यादीतल्या मालाला बंदी लागणार नाही, असं सरकारनं लिहून दिलं. भांडण चालू असताना दिलेला शब्द पाळला गेला. मला हे त्या कराराचं सगळ्यात मोठं यश वाटतं, आणि आजचं माझं सगळं म्हणणं याच एका गोष्टीभोवती आहे.

यातली डाळ बघा. २२४ टन. वीस फुटी कंटेनरमध्ये २५ टन धरले तर नऊ कंटेनर. शंभर किलो तुरीतून सत्तर-पंचाहत्तर किलो डाळ निघते, बाकी चुणी आणि टरफल. म्हणजे तूर लागली तीनशे-सव्वातीनशे टन. एका देशाचा वर्षाचा कोटा आणि जळगावच्या एखाद्या बऱ्या मिलचं फार तर पंधरा दिवसांचं काम. कांदाही तसाच. २०२३-२४ मध्ये देशात २४२ लाख टनांच्या आसपास कांदा झाला. मालदीवचा अख्खा कोटा त्यातला हजारात दीड. दिल्लीतल्या फाइलमध्ये हा आकडा दशांश चिन्हानंतर येतो. मालदीवच्या राजधानीत, मालेच्या बाजारात, तोच आकडा म्हणजे आठवड्याची भाजी.

आपल्याकडे लगेच कुणीतरी विचारतं, "मंग आमले काय भेटी?" बरोबर आहे. जवळचा देश, सगळं बाहेरून आणणारा, मग आपली केळी का नाही? रावेर-यावलची केळी आखातात जातेच की. अडचण केळीत नाही, गठ्ठ्यात आहे. चाळीस फुटी रीफरमध्ये, म्हणजे थंड कंटेनरमध्ये, तेरा किलोची साधारण १५४० खोकी बसतात, म्हणजे वीस टन. तापमान १३-१४ अंश. त्याखाली गेलं की साल काळवंडते, वर गेलं की केळी वाटेतच पिकायला लागते. आखातातल्या बाजारात वीस टन हिरवी केळी एकदम उतरते, पिकवणगृहात जाते, संपते. मालदीवमध्ये वस्ती असलेली बेटं जवळजवळ १९० आणि रिसॉर्टची बेटं आणखी वेगळी. मालेला उतरलेला माल धोणीत, म्हणजे तिथल्या होडीत, पुन्हा चढतो आणि बेटाबेटाला जातो. तिथल्या गिऱ्हाइकाला वीस टन एकदम नको असतात, थोडं थोडं पण दर आठवड्याला हवं असतं.

मग म्हणाल, एकाच कंटेनरमध्ये सगळं घालू. कांदा, बटाटा, केळी, भाजी. घालून बघा. कांद्याला कोरडी हवा लागते, आर्द्रता ६५-७० टक्के, बटाट्याला दमट. केळी पिकताना इथिलीन सोडते, त्यानं शेजारचा भाजीपाला पिवळा पडतो. रीफरची हवेची खिडकी कांद्यासाठी उघडी ठेवावी तर भाजी सुकते, बंद ठेवावी तर कांद्यावर काळी बुरशी चढते. साध्या बंद कंटेनरमध्ये तर रात्री छताला पाणी धरतं आणि थेंब थेंब गोण्यांवर पडतं. वरचा थर उघडला की मोड आलेले. लहान गिऱ्हाईक महाग पडतं ते असं. त्यात परतीचा माल नाही. मालदीवकडून आपल्याकडे प्रामुख्यानं भंगार येतं. त्यांची सुकवलेली मासळी श्रीलंकेला जाते. कंटेनर रिकामा परतला की येण्याचं भाडंही जाण्याच्या मालावरच बसतं. सप्टेंबर २०२० मध्ये तुतिकोरिन–कोची–कुल्हुधुफुशी–माले अशी थेट मालबोट सुरू केली, २०० कंटेनर आणि ३००० टन सुटा माल अशी क्षमता. कल्पना चांगली, पण परतीला भरायचं काय, हा प्रश्न बोट सुरू केल्यानं सुटत नाही. आणि आपल्याला न्हावाशेवा सव्वाचारशे किलोमीटर, तर तुतिकोरिन दीड हजाराच्या वर. माल कुठून चढवायचा हे भाव ठरण्याआधी ठरवावं लागतं. त्यातही कोट्याचा माल न्हावाशेवा, मुंद्रा, तुतिकोरिन आणि तुघलकाबाद या चारच ठिकाणांहून जाऊ शकेल असं सरकारनं एप्रिल २०२४ मध्येच ठरवलं. का, ते सांगतो. बंदीच्या काळात देशातला भाव पडलेला आणि बाहेरचा चढलेला असतो. अशा वेळी ६९ किलोवाला कोटा म्हणजे उघडं दार. माले असं लिहून माल दुसरीकडे वळवण्याचा मोह कुणालाही होईल. दारं कमी असली की मोजणी सोपी.

आता कांदा. साक्री-पिंपळनेरकडचे लोक आलेत, त्यांच्यापुढे हा विषय घाईत उरकला तर मला चहा मिळणार नाही. क्रम आठवा. १९ ऑगस्ट २०२३, निर्यातीवर ४० टक्के शुल्क. ऑक्टोबरच्या अखेरीस किमान निर्यातमूल्य टनाला ८०० डॉलर. ८ डिसेंबरला सरळ बंदी, आधी ३१ मार्चपर्यंत, मग पुढे. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. हिशेब करा. ५५० डॉलर म्हणजे तेव्हाच्या दरानं किलोला पंचेचाळीस-सेहेचाळीस रुपये, वर ४० टक्के, म्हणजे ६४ रुपयांच्या आत कांदा बंदराबाहेर पडूच शकत नाही. याला 'बंदी उठली' म्हणायचं! १३ सप्टेंबरला किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं, आणि ते शून्य व्हायला १ एप्रिल २०२५ उजाडलं. पावणेदोन वर्षांत नियम सहा वेळा बदलला. उन्हाळी कांदा चाळीत चार ते सहा महिने टिकतो, लाल कांदा महिनाभर. नियमांचं आयुष्य कांद्याच्या आयुष्याशी जुळलं पाहिजे एवढी साधी अपेक्षाही आपण ठेवू नये का?

पलीकडे श्रीलंका बघा. वर्षाला दोन लाख टनांच्या वर मोठा कांदा आयात करणारा देश, आणि मुख्य पुरवठादार आपण. त्यांचा स्वतःचा कांदा मातले-दंबुल्ला भागात ऑगस्ट ते ऑक्टोबरात निघतो, नेमका आपला चाळीतला उन्हाळी कांदा बाहेर काढायच्या वेळी. मग तिथलं सरकार किलोमागची विशेष आकारणी वर-खाली करतं; तिथेही शेतकरी आहेत, तिथेही मतं आहेत. म्हणजे एका पाइपला दोन्ही टोकांना कॉक, आणि दोन्हीवर सरकारचा हात. बंदीच्या काळात आपण सहकारी निर्यात संस्थेमार्फत श्रीलंकेला १०,००० टन वेगळे मंजूर केले, मॉरिशसला १,२०० टन. मागितल्यावर दिलेला माल तो. दरम्यान गिऱ्हाईक पाकिस्तान, चीन, इजिप्तचा कांदा घेऊन मोकळं झालेलं असतं. तिथल्या आयातदारानं नवा माणूस जोडला, उधारीचे दिवस ठरले, गोणीचा आकार ठरला की तो आपल्याकडे परत येतो तेव्हा टनामागे सवलत मागतच येतो.

माझी सूचना एवढीच आहे. मालदीवला जो शब्द दिला तसाच श्रीलंका आणि मॉरिशसला कांद्यापुरता द्या. वर्षाच्या सुरुवातीला टन जाहीर करा, बंदीच्या आदेशात त्यांना वगळा, मोजायला दोन-तीन बंदरं नेमा. श्रीलंकेचं सगळं धरलं तरी उत्पादनाच्या शेकडा एकाच्या आसपास. तेवढ्यानं दिल्लीतल्या माणसाची भाजी महागत नाही. महागते ती अवकाळीनं रोपं गेली की, आणि तेव्हाही हे शेकडा एक रोखून कांदा पिकत नाही. फक्त कोटा दर वर्षी ५ टक्के आपोआप वाढवू नका. मागच्या तीन वर्षांच्या खऱ्या उचलीवर बांधा, नाहीतर पुन्हा आठशे तीस अंडी.

चिठ्ठी आली. सात मिनिटं. म्हणजे पत्रिकेवरचा विषय आता पळतपळत.

भारत-श्रीलंका मुक्त व्यापार करार २८ डिसेंबर १९९८ चा, लागू १ मार्च २००० पासून. शुल्क माफ होतं ते त्या देशात बनलेल्या मालावर. बनलेला म्हणजे काय, हे ठरवतो तो मूळस्थान-नियम, आणि त्याला दोन कसोट्या. बाहेरचा कच्चा माल निर्यातमूल्याच्या ६५ टक्क्यांपेक्षा जास्त नको, म्हणजे देशातली मूल्यवाढ किमान ३५ टक्के. आणि सीमाशुल्काच्या यादीतला पक्क्या मालाचा चार आकडी सांकेतांक कच्च्या मालापेक्षा वेगळा हवा.

यातून वनस्पती तुपाचं प्रकरण झालं. आपल्याकडे कच्च्या पामतेलावर तेव्हा ६५ ते ८० टक्के शुल्क, श्रीलंकेत ते अगदी कमी. मग आपल्याच उद्योजकांनी तिथे कारखाने टाकले. तेल बाहेरून आणायचं, तूप करायचं, भारतात विनाशुल्क पाठवायचं. पामतेल १५११, वनस्पती १५१६, सांकेतांक बदलला. आणि ३५ टक्के मूल्यवाढ? ती यंत्रातून झाली नाही, आपल्या शुल्कातून झाली. भारतातला भावच शुल्कानं चढलेला, त्या भावाजवळ विकलं की मधला फरक नफा, आणि नफा मूल्यवाढीत धरला जातो. शेवटी वर्षाला अडीच लाख टनांची मर्यादा घातली. पण कारखाने खरे बंद पडले ते २००८ मध्ये आपण कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क शून्य केल्यावर.

दालमिलवाल्यांनी मात्र हे जरूर ऐका. मोझांबिकची किंवा म्यानमारची तूर आणून इथे डाळ केली, तर या कसोट्यांवर ती भारतीय ठरत नाही. अख्खी तूर ०७१३ आणि भरडलेली डाळही ०७१३. सांकेतांक बदलत नाही, आणि भरडाईत ३५ टक्के मूल्यवाढही होत नाही. आपल्या शेतातल्या तुरीची डाळ चालते, कारण तिथे बाहेरचं काहीच नाही. म्हणून करारातली सवलत मागायची असेल तर देशी तुरीचा लॉट खरेदीपासून पॅकिंगपर्यंत वेगळा ठेवा, आडत्याच्या पट्ट्या आणि बाजार समितीच्या पावत्या त्या लॉटच्या नोंदीला जोडा, आणि मूळस्थानाच्या दाखल्यासाठी अर्ज माल गेटबाहेर पडण्याआधी करा. एकाच सायलोत दोन्ही तुरी गेल्या, की कुठली कुठली हे नंतर तुम्हालाही दाखवता येणार नाही.

प्रश्न असतील तर खाली चहाजवळ बोलू. कांदेवाल्यांनी आधी, दालमिलवाल्यांनी नंतर.