मेंडोसा: पाटाच्या पाण्यावर उभं शहर

(दृश्य: फूटपाथच्या कडेची उघडी चारी. तळाशी वाळलेली पानं. कॅमेरा हळूहळू वर जातो: बुंधा, फांद्या, मग रस्त्यावर दोन्हीकडून मिटलेलं हिरवं छत.)

मेंडोसात नव्याने आलेल्या माणसाने आधी खाली बघून चालायला शिकावं. फूटपाथ आणि रस्ता यांच्यामध्ये इथे उघडी चारी असते, आणि बेसावध पाहुण्याचा पाय तिच्यात हमखास जातो. हे गटार नव्हे. स्थानिक लोक हिला ‘आसेकिया’ म्हणतात. शब्द मूळचा अरबी, स्पेनमार्गे इथवर आलेला. चारीत पाणी सोडतात ते झाडांसाठी. प्लेन, तुती, अ‍ॅश अशी ओळीने लावलेली झाडं पाय पाण्यात बुडवून उभी असतात. हे पाणी बंद झालं, तर हा सगळा गारवा उन्हात वाळून जाईल, कारण मेंडोसा हे वाळवंटातलं शहर आहे.

(दृश्य: आकाशातून. एका बाजूला बर्फाचे डोंगर, पायथ्याशी हिरवा पट्टा, त्यापलीकडे नुसतं करडं माळरान.)

अर्जेंटिनाच्या पश्चिमेला, अँडीजच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर ही मेंडोसा प्रांताची राजधानी वसली आहे. पॅसिफिकवरून येणारं बाष्प डोंगराच्या पलीकडेच, चिलीच्या बाजूला, पाऊस आणि बर्फ होऊन पडतं. अलीकडे उतरतो तो कोरडा वारा, आणि उतरताना तो तापत जातो. त्याला ‘सोंदा’ म्हणतात. ऐन हिवाळ्यात सोंदा सुटला की अंगातले स्वेटर उतरतात, धुळीने दारंखिडक्या बंद होतात आणि अनेकांचं डोकं चढतं. वर्षाचा पाऊस जेमतेम २०० मिलिमीटर. आपल्या माणदेशातही याहून जास्त पडतो. मग पाणी येतं कुठून? डोंगरावरच्या बर्फातून. ते वितळून मेंडोसा नदीत येतं आणि नदीतून पाटांत. प्रांताच्या जेमतेम तीन-चार टक्के जमिनीवर पाणी पोचतं, आणि बहुतेक सगळी माणसं तेवढ्यातच राहतात.

हे पाट स्पॅनिश लोकांनी शून्यातून खोदले नाहीत. इथे उआर्पे लोक राहत होते, मका पिकवत होते आणि नदीचं पाणी शेताला वळवत होते. शहराला लागून वाहणाऱ्या मोठ्या कालव्याला आजही ‘कासिके ग्वायमायेन’ म्हणतात. कासिके म्हणजे टोळीचा प्रमुख, आणि ग्वायमायेन हे त्या उआर्पे प्रमुखाचं नाव. नाव टिकलं. माणसांचं मात्र वेगळं झालं. स्पॅनिश जमीनदारांनी उआर्पे पुरुषांना डोंगर ओलांडून चिलीत कामाला नेलं, आणि त्यातले कितीतरी परत आलेच नाहीत.

कारण हे शहर वसवणारेही चिलीतूनच आले होते. २ मार्च १५६१ रोजी पेद्रो देल कास्तियो याने गाव वसवलं आणि त्याला चिलीच्या तेव्हाच्या गव्हर्नराचं, गार्सिया उर्तादो दे मेंडोसाचं, नाव दिलं. वर्षभरातच हुआन हुफ्रे आला. त्याने गाव थोडं सरकवून नव्याने वसवलं. पुढे १७७६ पर्यंत मेंडोसाचा कारभार चिलीतल्या सँतियागोहून चालला. मध्ये अँडीज, आणि हिवाळ्यात खिंड बर्फाने बंद. म्हणजे वर्षाचे काही महिने गावाला सरकारच नाही म्हणायचं!

मार्च १८३५ मध्ये एक तरुण इंग्रज निसर्गअभ्यासक खेचरांवरून अँडीज ओलांडून इथे उतरला. नाव चार्ल्स डार्विन. वाटेत त्याने टोळधाड पाहिली, रात्री मुक्कामी रक्त पिणारा ढेकणासारखा किडा त्याला चावला, आणि मेंडोसा शहर त्याला उदास वाटलं. कलिंगडं आणि पीच मात्र फार स्वस्त मिळाले, हे त्याने आवर्जून टिपलं.

पण डार्विन येण्याच्या अठरा वर्षं आधी याच ‘उदास’ गावातून एक अख्खं सैन्य डोंगर चढून गेलं होतं. सेनापती होसे दे सान मार्तिन १८१४ मध्ये इथे गव्हर्नर म्हणून आला. स्पेनच्या सत्तेवर चिलीच्या बाजूने घाव घालायचा, हा त्याचा बेत. त्यासाठी गावाने काय काय दिलं! खेचरं, घोंगड्या, सुकं मांस, दागिने. लुईस बेल्त्रान हा फ्रान्सिस्कन साधू शस्त्रांच्या कारखान्याचा प्रमुख झाला. चर्चच्या घंटा वितळवून त्याने तोफा ओतल्या, असं सांगतात. जानेवारी १८१७ मध्ये सुमारे ५ हजार माणसं एल प्लुमेरियोच्या छावणीतून निघाली. मुख्य फौज लोस पातोसच्या वाटेने गेली, दुसरी तुकडी उस्पायाताच्या. १२ फेब्रुवारीला चिलीत स्पेनच्या फौजेविरुद्धची चाकाबुकोची लढाई त्यांनी जिंकली. आज मेंडोसाच्या विमानतळाला लोक ‘एल प्लुमेरियो’च म्हणतात.

(दृश्य: विटांच्या तुटक्या भिंती, लोखंडी आधार. आवाज नाही.)

सान मार्तिनने पाहिलेलं मेंडोसा आज कुठेच नाही. २० मार्च १८६१, रात्री साडेआठच्या सुमारास जमीन हलली. मातीच्या कच्च्या विटांची घरं अरुंद गल्ल्यांमध्ये कोसळली, मागोमाग आगी लागल्या आणि त्या काही दिवस धुमसत राहिल्या. हजारो माणसं गेली. मृतांमध्ये ओग्युस्त ब्राव्हार हा फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञही होता. इथे मोठा भूकंप होणार, हे त्याने आधीच सांगितलं होतं म्हणतात. जेसुइटांच्या चर्चचे हे अवशेष तेवढे राहिले. शेजारच्या संग्रहालयात काचेच्या जमिनीखाली जुन्या नगरसभेचा पाया दिसतो.

नवं शहर थोडं नैर्ऋत्येला आखलं ते फ्रेंच मोजणीदार हूलियो बायोफे याने. मधोमध प्लासा इंदेपेंदेन्सिया हा मोठा चौक, आणि त्याच्या चार कोपऱ्यांच्या दिशेला चार छोटे चौक: सान मार्तिन, चिली, स्पेन आणि इटली. पुन्हा जमीन हलली, तर धावत जाऊन उभं राहायला मोकळी जागा हवी. रस्ते रुंद केले ते भिंत पडली तरी माणूस वाचावा म्हणून. पण रुंद रस्ता म्हणजे ऊन, उन्हाला सावली हवी, सावलीला झाड आणि झाडाला चारी. आज पर्यटकांना भावणारी ही वनराई अशी भूकंपाच्या भीतीतून उगवली.

द्राक्षांबद्दल थोडक्यात, कारण त्याबद्दल सगळे बोलतातच. मिशेल पूजे हा फ्रेंच कृषितज्ज्ञ १८५३ मध्ये माल्बेक या द्राक्षजातीची रोपं घेऊन आला. १८८५ मध्ये ब्युनोस आयर्सहून रेल्वे आली, तिच्यातून इटालियन आणि स्पॅनिश कुटुंबं आली, आणि माळावर वेलींच्या रांगा पसरत गेल्या. १९३६ मध्ये सुरू झालेला ‘वेंदिमिया’ हा द्राक्षतोडणीचा उत्सव इथे आता मार्चमध्ये होतो.

(दृश्य: पहाट. एक माणूस लोखंडी चाक फिरवून फळी उचलतो.)

हा ‘तोमेरो’. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचं तर पाटकरी. कुणाच्या शेताला कधी आणि किती वेळ पाणी, हे पाळीपाळीने ठरतं, आणि दार उघडणारा हाच. १८८४ च्या पाणी कायद्याने पाण्याचा हक्क जमिनीला जोडला. जमीन विकली की तिच्याबरोबर पाणीही जातं. पाटाची देखरेख करणारे प्रतिनिधी शेतकरी स्वतः निवडतात. भांडणं होत नाहीत असं नाही. पाण्याच्या पाळीवरून भांडण न होणारं गाव अजून कुणी पाहिलेलं नाही.

डिसेंबर २०१९ मध्ये मात्र सगळे एका बाजूला आले. खाणकामात घातक रसायनं वापरायला बंदी करणारा २००७ चा कायदा प्रांताच्या विधिमंडळाने सैल केला. खेड्यांतून लोक चालत राजधानीत आले, रस्ते भरले. घोषणा एकच: ‘मेंडोसाच्या पाण्याचा सौदा नाही.’ वर्ष संपायच्या आत नवा कायदा मागे घ्यावा लागला.

(दृश्य: पुन्हा तीच चारी. दुरून सळसळ.)

बर्फ गेल्या दशकात कमी पडला आहे. पाळ्या लांबतात. काही रस्त्यांवर चारीचा तळ काँक्रीटचा केल्याने पाणी मुळांपर्यंत झिरपत नाही, आणि म्हातारी झाडं शेंड्याकडून वाळू लागली आहेत.

या गल्लीत आज पाणी सोडलंय. आधी पानं हलतात, मग फेस दिसतो, मग गढूळ पाण्याची जीभ पुढे सरकते. दुकानाच्या दारातली बाई झाडू घेऊन येते आणि तुंबलेली पानं पुढे ढकलते. पाणी पुढच्या झाडाकडे निघतं.